नाशिकला रोजगार मेळाव्याला जाताय? मग हे बघून जा

आधी महास्वयम या राज्य सरकारच्या नोकरीच्या पोर्टलवर नोंदणी करून टाका, मेळाव्यात कोणत्या कंपन्या कुठल्या जागा घेऊन येतायत ते तिथे दिसतं, त्यातल्या चार-पाचच धरा. बायोडाटाच्या दहा झेरॉक्स घ्या (मी एकदा तीनच नेल्या आणि अर्धा दिवस झेरॉक्सवाल्याच्या लाइनीत गेला). सकाळीच पोचा, दुपारनंतर एचआरवालेही कंटाळलेले असतात. आणि टेबलावर नुसता कागद ठेवून पळू नका हो, नीट विचारा की काम सातपूरला, अंबडला की पार सिन्नरला, शिफ्ट कुठली, बस आहे का, हातात किती येणार आणि पेरोल कंपनीचा की कॉन्ट्रॅक्टरचा (म्हणजे कामावर ठेवून पगार नक्की कोण देणार), हे शेवटचं तर लोक लाजून विचारतच नाहीत. कोणी नोकरीसाठी पैसे मागितले तर सरळ पुढचं टेबल. ज्याच्याशी बोललात त्याचा नंबर घ्या, दोन दिवसांनी फोन करा.