कोंबडीची भूक अभ्यासायला येणाऱ्यांसाठी

पशुवैद्यकीय पदवीच्या शेवटच्या उन्हाळ्यात मी नवापूरजवळच्या एका ब्रॉयलर, म्हणजे मांसासाठी वाढवल्या जाणाऱ्या कोंबड्यांच्या, शेडवर रोज सकाळी पिल्लांची वजने घेत असे. त्याच आवारात मालकांनी घरासाठी पाळलेली त्याच वयाची गावरान पिल्ले होती. दोघांपुढे एकच खाद्य ठेवले, की गावरान पिल्लू थोडे टिपून माती उकरायला निघून जाई. ब्रॉयलर मात्र गळ्याखालची अन्नपिशवी बोटाला गच्च लागेपर्यंत फीडरपाशी बसूनच खात राही. माझ्या पदव्युत्तर अभ्यासाचा विषय तिथेच ठरला.

नव्याने येणाऱ्याने सुरुवात अमेरिकेतील व्हर्जिनिया टेकच्या कोंबड्यांपासून करावी. पॉल सीगल यांनी १९५७ मध्ये पांढऱ्या प्लायमाउथ रॉक जातीच्या एकाच मूळ कळपातून दोन वंश सुरू केले. एकात आठ आठवड्यांच्या वयाला जड भरणारे पक्षी पैदाशीसाठी ठेवले, दुसऱ्यात हलके. निवड केवळ वजनाची होती, भूक कोणी निवडली नव्हती. तरीही पन्नासेक पिढ्यांत दोन्हींच्या वजनात सुमारे दहापट अंतर पडले, जड वंशातले पक्षी खाद्य मोजून न दिल्यास लठ्ठ होऊ लागले आणि हलक्या वंशातली काही पिल्ले समोर दाणे असूनही खाईनाशी झाली. पुढे मेंदूतील हायपोथॅलॅमसचा तृप्तीशी निगडित भाग निकामी करून पाहिला, तेव्हा हलक्या वंशातले पक्षी अधिक खाऊ लागले, पण जड वंशातल्यांचे खाणे वाढले नाही. त्यांच्यातील ‘पुरे’ सांगणारी यंत्रणा निवडीच्या ओघात आधीच क्षीण झाली असावी, असा याचा अर्थ लावला जातो, आणि मला तो पटतो.

सस्तन प्राण्यांचे पाठ कोंबडीला जसेच्या तसे लावू नयेत. घ्रेलिन हे संप्रेरक (हार्मोन) माणसाची भूक वाढवते. कोंबडीच्या पिल्लाच्या मेंदूत टोचल्यास तेच खाणे कमी करते. माझा पहिला आराखडा याच चुकीच्या गृहीतावर उभा होता व तो पूर्ण बदलावा लागला.

ब्रॉयलरच्या आईबापांचा, म्हणजे ब्रीडर कळपाचा, अभ्यास मात्र टाळू नये. भूक तीच, पण त्यांना दीर्घकाळ जगून अंडी द्यायची असल्याने खाद्य तोलूनच मिळते, आणि ते पक्षी बराच काळ उपाशी राहतात. ही वेदना आपल्या निवडीतून आलेली आहे, हे नोंदी करताना मी विसरू शकत नाही.

आपल्या खानदेशात एप्रिल-मे महिन्यांत पक्षी उष्म्यानेच कमी खातात, तेव्हा तो आकडा वंशाच्या खाती मांडू नये. तुलनेचे दोन्ही गट एकाच शेडमध्ये ठेवावेत, खाद्य पहाटे तोलावे आणि अन्नपिशवी स्वतःच्या हाताने चाचपूनच वहीत नोंद करावी.