गोलीच्या करारावर वाद घालताय? या चुका टाळा

जूनमध्ये बर्फावरच्या हॉकीचा स्टॅनली कप कोणाच्या तरी हातात पडतो आणि आम्हा टोरांटोकरांच्या वादांना तोंड फुटतं. सामने ऑक्टोबरपर्यंत नाहीत, पण १ जुलैला दुपारी १२ वाजता करार संपलेल्या, म्हणजे मुक्त खेळाडूंचा बाजार उघडतो. मग बागेत कणसं भाजताना, मुलांच्या पोहण्याच्या क्लासबाहेर, सत्यनारायणाच्या प्रसादाच्या रांगेतसुद्धा एकच विषय असतो: कोणाला घ्यायचं, कोणाला सोडायचं आणि गोलीला, म्हणजे गोलरक्षकाला, इतके पैसे का द्यायचे?

महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला हॉकी म्हटलं की खडकीचा धनराज पिल्ले आठवतो. बर्फावरची हॉकी मी इथे येऊन शिकलो, आणि या वादांत पहिली काही वर्षं तावातावाने चुकीचं बोललो. आता मला वाटतं की गोलीच्या करारात रक्कम डोळ्यांत भरते, पण घात करतात ती वर्षं. खालच्या बहुतेक चुका तिथेच जाऊन मिळतात.

गेल्या हंगामावरून पुढची पाच वर्षं ठरवणं

२०२२ च्या उन्हाळ्यात आमचा गोली जॅक कॅम्पबेल टोरांटो सोडून गेला, तेव्हा मी मनापासून चिडलो होतो. त्या हंगामात तो ऑल-स्टार होता, ३१ सामने जिंकला होता, शिवाय माणूस इतका लाघवी की शहराने त्याला घरच्यासारखं मानलं होतं. एडमंटनने त्याला ५ वर्षांसाठी अडीच कोटी डॉलर दिले, म्हणजे वर्षाला ५० लाख. "आपल्या लोकांना माणसाची किंमतच नाही," असं मी तेव्हा दहा जणांना ऐकवलं.

त्याच हंगामाचा उत्तरार्ध मी पाहिलाच नव्हता असं नाही. पाहिला होता, पण मोजला नव्हता. डिसेंबरनंतर त्याचा खेळ घसरला होता. एडमंटनमध्ये पहिल्या वर्षी त्याची सेव्ह टक्केवारी, म्हणजे आलेल्या शॉटांपैकी अडवलेल्यांचं प्रमाण, ०.८८८ वर आली, नोव्हेंबर २०२३ मध्ये त्याला दुय्यम लीगच्या संघात धाडलं आणि जून २०२४ मध्ये करार मोडून बायआउट केलं. त्याच वसंतात एडमंटन अंतिम फेरीच्या सातव्या सामन्यापर्यंत पोचलं होतं, पण गोलपोस्टमध्ये स्टुअर्ट स्किनर उभा होता.

वादात उतरण्यापूर्वी त्या गोलीचे निदान मागचे तीन हंगाम बघा, आणि प्रत्येक हंगामाचे दोन भाग करून बघा. चौथ्या वर्षी त्याचं वय काय असेल, तेही कागदावर लिहा. लिहिलेलं वय पाहिलं की उत्साह आपोआप जागेवर येतो.

डॉलर मोजणं आणि कॅपमधला हिस्सा विसरणं

डिसेंबर २०२४ मध्ये इगोर शेस्टरकिनने न्यूयॉर्क रेंजर्सशी ८ वर्षांचा करार केला. वर्षाला १ कोटी १५ लाख डॉलर, गोलीसाठी विक्रमी रक्कम. माँट्रियलच्या कॅरी प्राइसचा १ कोटी ५ लाखांचा आकडा मागे पडला, आणि "आता गोली संघाला बुडवणार" अशी ओरड झाली.

एनएचएल या इथल्या हॉकी लीगमध्ये प्रत्येक संघाच्या एकूण पगारावर कडक मर्यादा असते, तीच कॅप. आयपीएलच्या लिलावात संघाची थैली ठरलेली असते तसंच, फक्त इथे एकदा लावलेली बोली सात-आठ वर्षं मानगुटीवर राहते. आणि ही मर्यादा बदलते. प्राइसचा करार सुरू झाला तेव्हा २०१८-१९ मध्ये ती ७ कोटी ९५ लाख होती. शेस्टरकिनचा सुरू झाला तेव्हा २०२५-२६ मध्ये ९ कोटी ५५ लाख. भागाकार केला तर प्राइसचा हिस्सा १३.२ टक्के येतो, शेस्टरकिनचा १२ टक्के. म्हणजे विक्रमी करार संघाला तुलनेने हलका पडला. प्राइसच्याच हिशेबाने दिले असते तर शेस्टरकिनला वर्षाला साधारण १ कोटी २६ लाख मिळाले असते.

म्हणून दोन वेगळ्या वर्षांतले करार तोलताना रुपयाला रुपया लावू नका. ज्या वर्षी करार सुरू झाला त्या वर्षीच्या कॅपने भागा, मग बोला. मोबाइलवर दहा सेकंदांचं काम आहे.

"आठ वर्षं द्या, नाहीतर दुसरा कोणी नेईल"

ही सगळ्यांत महागडी चूक. चाहते ती करतात, आणि क्लबांचे मालकही करत आले आहेत.

गोली रिक डिपिएट्रो २००० च्या ड्राफ्टमधला, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीतला, पहिल्या क्रमांकाचा खेळाडू. त्याच्यासाठी न्यूयॉर्क आयलंडर्सनी त्याच दिवशी रॉबर्टो लुआंगोला फ्लोरिडाला देऊन टाकलं. २००६ मध्ये त्यांनी डिपिएट्रोला १५ वर्षांचा, ६ कोटी ७५ लाखांचा करार दिला. वर्षाला ४५ लाख. रक्कम आजही डोळे विस्फारण्यासारखी नाही. पण गुडघे, कंबर, डोकं यांच्या दुखापतींनी त्याला उभं राहू दिलं नाही. २०१३ मध्ये आयलंडर्सनी करार मोडला, आणि तेव्हापासून ते त्याला वर्षाला १५ लाख देत आहेत. हे हप्ते २०२९ पर्यंत चालायचे आहेत. स्वस्त दिसणारा करार लांबीने कसा गळ्याशी येतो, याचं याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही.

लुआंगोची कथा निराळी. तो महान गोली होता आणि करारानंतरही उत्तम खेळला. व्हँकुव्हरने २००९ मध्ये त्याला १२ वर्षं दिली. चार वर्षांत संघाला तरुण कोरी श्नायडर जास्त हवासा वाटू लागला, पण लुआंगोला घ्यायला कोणी तयार होईना, कारण एवढा लांब करार अंगावर घेणार कोण? शेवटी २०१३ मध्ये श्नायडरलाच न्यू जर्सीला विकावं लागलं आणि पुढच्या मार्चमध्ये लुआंगोही गेला. एक करार लांबला म्हणून दोन गोली गमावले. पुढे २०१९ मध्ये लुआंगो निवृत्त झाला, तेव्हा मधल्या काळात बदललेल्या नियमामुळे व्हँकुव्हरच्या कॅपमधून तीन वर्षं दरवर्षी ३० लाखांहून जास्त वजा झाले.

आता इतके लांब करार नियमातच बसत नाहीत. २०१३ पासून स्वतःच्या खेळाडूला जास्तीत जास्त ८ वर्षं आणि बाहेरच्याला ७ अशी मर्यादा आली, आणि सप्टेंबर २०२६ पासूनच्या लीग आणि खेळाडू संघटनेच्या नव्या करारनाम्यात ती ७ आणि ६ वर येते. मला हा बदल फार आवडला. पण सहा वर्षंही गोलीसाठी थोडी नाहीत.

ट्रेड (खेळाडूंची अदलाबदल) सुचवताना गिऱ्हाईक न शोधणं

"आपला दुसरा गोली द्या, त्यांचा पहिल्या फळीतला फॉरवर्ड घ्या." हे वाक्य मी दर जुलैत ऐकतो. फॉरवर्ड एका संघात बारा खेळतात, गोल मात्र एकच असतो. ३२ संघ आहेत, आणि त्यांतल्या बहुतेकांना त्या उन्हाळ्यात गोली नकोच असतो. विकणारे जास्त, घेणारे दोन-तीन, म्हणून भाव पडतो.

डॉमिनिक हाशेक १९९२ मध्ये शिकागोहून बफेलोला गेला, तो एक राखीव गोली आणि पुढे चौथ्या फेरीत निवडलेला एक खेळाडू यांच्या बदल्यात. पुढे त्याने लीगमधल्या सर्वोत्तम गोलीचा व्हेझिना करंडक सहा वेळा जिंकला. एडिन हिल २०२२ मध्ये सॅन होजेहून वेगासला ड्राफ्टच्या चौथ्या फेरीतल्या एका निवडीच्या हक्कावर गेला आणि दहा महिन्यांत कप उचलून उभा राहिला. टोरांटोच्या जखमेवरची खपली तर मी काढणारच: २००६ मध्ये आपण टूका रास्कला बॉस्टनला दिलं आणि अँड्र्यू रेक्रॉफ्टला आणलं. रेक्रॉफ्ट इथे दोन हंगाम टिकला. रास्क बॉस्टनचा आधारस्तंभ झाला, २०१४ मध्ये त्यानेही व्हेझिना जिंकला, आणि प्लेऑफमध्ये आपल्याला पुन्हा पुन्हा रडवलं.

ट्रेड आणि करार वेगळे धरणं ही याच चुकीची सख्खी बहीण. बॉस्टनने जून २०२४ मध्ये लायनस उलमार्कला ओटावाला दिलं तेव्हा जेरेमी स्वेमनशी नवा करार झालेलाच नव्हता. दुसरा गोली गेल्यावर घासाघीस करायला क्लबच्या हातात उरलं काय? स्वेमन अख्खा सराव-शिबिराचा काळ बाहेर बसला आणि हंगाम तोंडावर असताना ६ ऑक्टोबरला ८ वर्षांवर सही झाली, वर्षाला ८२ लाख ५० हजार. सरावाविना उतरलेल्या त्या मुलाची टक्केवारी त्या हंगामात ०.८९२ झाली. लोक त्याच्या हावरेपणावर तुटून पडले. मला विचाराल तर चूक क्रमाची होती: आधी सही, मग विक्री.

जुन्या टक्केवारीने नवा गोली मोजणं

हे थोडक्यात. दहा वर्षांपूर्वी लीगची सरासरी सेव्ह टक्केवारी ०.९१५ च्या आसपास होती, २०२४-२५ मध्ये ती ०.९०० पर्यंत उतरली. "०.९०५ म्हणजे सुमार" हे वाक्य तेव्हा खरं होतं, आता नाही. त्या-त्या हंगामाच्या सरासरीशी तुलना करा, आणि अपेक्षेपेक्षा किती गोल वाचवले हा आकडा मिळत असेल तर तो आधी बघा, कारण त्यात समोरचे शॉट किती अवघड होते ते धरलेलं असतं.

दुसऱ्याच वर्षी निकाल लावणं

माझ्या म्हणण्याला सर्गेई बोब्रोव्स्की छेद देतो, त्यामुळे त्याला टाळून पुढे जाणं अप्रामाणिकपणाचं होईल. २०१९ मध्ये फ्लोरिडाने त्याला ७ वर्षांसाठी ७ कोटी डॉलर दिले. पहिल्या हंगामात ०.९००, आणि पुढेही चढउतार. लीगमधला सर्वांत वाईट करार म्हणून त्याचं नाव वर्षानुवर्षं घेतलं गेलं. २०२३ चे प्लेऑफ सुरू झाले तेव्हा गोलमध्ये अ‍ॅलेक्स लायन होता, बोब्रोव्स्की बाकावर. तिथून तो उठला, ६५ सामने जिंकलेल्या बॉस्टनला घरी पाठवलं आणि संघाला अंतिम फेरीत नेलं. २०२४ आणि २०२५ मध्ये लागोपाठ दोन कप. वानखेडेवर ज्या हार्दिक पांड्याची हुर्यो झाली त्याच्याच नावाचा विश्वचषकानंतर तिथे गजर झाला, हे ज्यांनी पाहिलं त्यांना हे वेगळं समजवायला नको.

तरीही मी "वर्षं घात करतात" हे मागे घेत नाही. फ्लोरिडाने चार हंगाम कळ सोसली आणि तेवढ्यात भोवतीचा संघ इतका उत्तम बांधला की गोलीला सावरायला वेळ मिळाला. आपला क्लब ते करू शकेल का, हा प्रश्न विचारूनच बोब्रोव्स्कीचं उदाहरण द्या. आणि हेही सांगा की २०२३ ची अंतिम फेरी वर्षाला १ कोटीच्या त्या गोलीविरुद्ध जिंकली ती २१ लाख ७५ हजारांच्या एडिन हिलने.

वाद अडकला तर

समोरचा "मग बायआउट करा" म्हणाला, तर त्याला हिशेब मांडायला लावा. २६ वर्षांवरच्या खेळाडूच्या उरलेल्या पगाराचा दोन तृतीयांश भाग दुप्पट वर्षांत विभागून द्यावा लागतो. कॅम्पबेलची तीन वर्षं उरली होती, म्हणून एडमंटनच्या कॅपवर त्याचं नाव २०२९-३० पर्यंत राहणार.

"कसंही करून विकून टाका" म्हणाला, तर त्या गोलीच्या करारात ट्रेडला नकार देण्याचा अधिकार आहे का ते आधी तपासा. असेल तर चर्चा खेळाडूच्या इच्छेपासून सुरू होते. विकणारा क्लब पगाराचा निम्म्यापर्यंतचा भाग स्वतःकडे ठेवू शकतो; तो भाग सांगितल्याशिवाय मांडलेला ट्रेड अपुरा समजा.

"क्लब झोपलाय, अजून सही का नाही?" असं कोणी म्हणालं, तर करार संपायला एकाहून जास्त हंगाम उरले आहेत का ते बघा. वाढीव करारावर सही शेवटच्या वर्षाच्या १ जुलैपासूनच करता येते. प्राइसची सही २ जुलै २०१७ ची होती ती त्यामुळेच.

आणि कोणी प्राइसचा करार फुकट गेला म्हणालं, तर घाईने मान डोलावू नका. २०२१ मध्ये त्याने माँट्रियलला अंतिम फेरीत नेलं. त्याच जुलैत सिएटलचा नवा संघ बाकीच्या क्लबांतून खेळाडू निवडून घेणार होता. क्लबला आपला दुसरा गोली वाचवता यावा म्हणून प्राइसने स्वतःचा नकाराधिकार बाजूला ठेवला. सिएटलने त्याला घेतलं नाही आणि काही दिवसांत फिलिप ग्रुबाउअरला ६ वर्षांचा करार दिला. ग्रुबाउअरचं पहिलं वर्ष ०.८८९ वर संपलं, आणि पुढे तिथला पहिला गोली झाला जोई डॅकर्ड, सातव्या फेरीत निवडला गेलेला. प्राइसच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली, पुढच्या हंगामात तो पाच सामने खेळला आणि पुन्हा कधीच नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याचा उरलेला करार सॅन होजेकडे गेला. त्या दिवशी माँट्रियलचा माझा एक मित्र फोनवर कॅपचं एक अक्षरही बोलला नाही. २०२१ च्या त्या उन्हाळ्यातले सामने एकेक करून आठवत राहिला, आणि मी ऐकत राहिलो.