मोबाइलवरून अग्निशमन शिकताय? या चुका टाळा

दुपारची ड्रिल होती. नव्याने रुजू झालेल्या एका फायरमनने वहीत पंपाचं गणित मांडून आणलं होतं. ६३ मिमीच्या दोन होज (पाण्याचे पाइप), प्रत्येकी ३० मीटरची, ब्रँचला (पाणी मारायच्या तोटीला) मिनिटाला साधारण ५७० लिटर पाणी. होजमध्ये घर्षणापोटी जाणारा दाब त्याने काढला ७० पीएसआय (चौरस इंचामागे पाउंड), म्हणजे जवळजवळ पावणेपाच बार. पंपावरच्या जुन्या ऑपरेटरने वही पाहिली आणि थ्रॉटलवरचा हात काढून घेतला. "बाळा, ही होज कुठली धरलीस? आपली नाही ही."

पोराची मेहनत खरी होती. रात्रपाळीत जागून त्याने अमेरिकी व्हिडिओवरून सूत्र उतरवून घेतलं होतं. शेकडा गॅलनमधल्या प्रवाहाचा वर्ग, गुणिले होजचा गुणांक, गुणिले शेकडा फुटांतली लांबी. सूत्र बरोबरच आहे. पण व्हिडिओतली होज पावणेदोन इंची, म्हणजे साधारण ४५ मिमीची, आणि तिचा गुणांक १५.५. आपली ६३ मिमीची होज म्हणजे अडीच इंची, तिचा गुणांक २. मिनिटाला १५० गॅलन, म्हणजे तेच ५७० लिटर, धरले तर दीडचा वर्ग सव्वादोन. त्यांच्या होजला शंभर फुटांमागे, म्हणजे साधारण ३० मीटरमागे, ३५ पीएसआय जातात, आपल्या होजला साडेचार. दोन होजना ७० नव्हे, ९. त्या वहीप्रमाणे थ्रॉटल दिला असता तर चार बारांहून जास्तीचा दाब ब्रँचवरच्या पोरांच्या अंगावर आला असता.

ऑनलाइन शिकताना सगळ्यात जास्त होणारी चूक हीच: सूत्र उचलायचं आणि ते कुठल्या साधनासाठी आहे ते मागेच ठेवायचं. उपाय सोपा आहे. वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा: अमेरिकी गॅलन ३.७८५ लिटर, ब्रिटिश गॅलन ४.५४६ लिटर, १ बार म्हणजे १४.५ पीएसआय. मग आपल्याच होज आवारात अंथरा, ब्रँचच्या अलीकडे गेज लावा आणि पंपावरचा दाब न् ब्रँचवरचा दाब यांतला फरक स्वतः मोजा. तो आकडा कुठल्याही संकेतस्थळावर मिळणार नाही. तुमच्या होजचं वय आणि तिचं आतलं अस्तर ही फक्त तुमच्याच स्टेशनची माहिती आहे.

व्हिडिओ पाहतो, अहवाल वाचत नाही

ज्वाळांचे व्हिडिओ बघायला कुणाला सांगावं लागत नाही. अहवाल मात्र पडून राहतात, आणि खरं शिक्षण त्यांतच आहे. अमेरिकेची नायॉश ही कामगार-सुरक्षेवर संशोधन करणारी सरकारी संस्था १९९८ पासून ड्युटीवर मृत्यू पावलेल्या अग्निशामकांच्या घटनांचा तपास करते. ते अहवाल कुणालाही फुकट वाचता येतात. गेलेल्या माणसाचं नाव त्यांत नसतं आणि दोष कुणाच्या माथी मारलेला नसतो. काय घडलं, कशामुळे घडलं, काय केलं असतं तर टळलं असतं, एवढंच असतं.

एकच वाचायचा असेल तर अमेरिकेतल्या चार्ल्सटनचा वाचा. १८ जून २००७, सोफ्याचं मोठं दुकान, नऊ अग्निशामक गेले. आग मागच्या माल उतरवायच्या जागेत लागली, स्प्रिंकलर नव्हते, आत फोमच्या गाद्यांचा ढीग, डोक्यावर लोखंडी ट्रस. वाचताना आपल्या शहरातलं फर्निचरचं गोदाम डोळ्यांपुढे येतंच. अहवाल लांबलचक असतात म्हणून पोरं सोडून देतात. त्यावर माझा मार्ग असा: आधी शेवटच्या शिफारशी वाचायच्या, मग घटनेचा वेळेनुसार क्रम, आणि तांत्रिक परिशिष्टं गरज पडली तरच. इंग्रजी जड जात असेल तर पाळीतल्या एकाने वाचावं आणि मराठीत सांगावं. चहाच्या वेळेत एक अहवाल होतो.

घर त्यांचं, डावपेच आपले

यूएल या अमेरिकी सुरक्षा-चाचणी संस्थेच्या अग्निसुरक्षा संशोधन विभागाचे ऑनलाइन कोर्स फुकट आहेत आणि दर्जेदार आहेत. जुन्या पद्धतीच्या आणि आजच्या सामानाने सजवलेल्या दोन खोल्या शेजारी शेजारी पेटवून यूएलने एक प्रयोग केला, तो तरी प्रत्येकाने बघावा. आजच्या सामानाची खोली ३ मिनिटं ४० सेकंदांत फ्लॅशओव्हरला, म्हणजे सगळी खोली एकदम पेट घेते त्या टप्प्याला, पोहोचली, जुन्या सामानाच्या खोलीला २९ मिनिटांहून जास्त लागली. आपल्याही घरांत आता कापसाच्या गाद्यांच्या जागी फोम आला आहे, त्यामुळे हा धडा जसाच्या तसा लागू होतो. दार उघडणं म्हणजेच आगीला हवा देणं, हाही.

पण करवतीने छप्पर कापून धूर वर काढायचा धडा? त्यांची घरं लाकडी सांगाड्याची, आपल्याकडे आरसीसी स्लॅब. स्लॅबवर करवत चालत नाही. तिथे जिना, खिडक्या आणि डक्ट यांचाच विचार करावा लागतो. लाकडाचं मात्र आपल्याकडेही विसरून चालत नाही. पुण्यातले वाडे, कोकणातली घरं, दक्षिण मुंबईतल्या जुन्या चाळी तुळयांवरच उभ्या आहेत. ९ मे २०१५ ला काळबादेवीतल्या गोकुळ निवासाला आग लागली, इमारत कोसळली आणि मुंबई अग्निशमन दलाने त्या घटनेत चार अधिकारी गमावले. त्यांत दलाचे प्रमुखही होते. कोसळण्याची लक्षणं शिकवणारं जे काही मिळेल ते आपल्या जुन्या बांधकामाशी ताडून वाचा. भिंतीला पडलेली चीर, वाकलेली तुळई, वरच्या मजल्यावर साचलेलं पाणी, एवढं तरी आत शिरण्याआधी नजरेखालून गेलंच पाहिजे.

टँकरवरचे आकडे

धोकादायक माल वाहताना अपघात झाला तर काय करायचं हे सांगणारी, अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको मिळून काढतात ती ईआरजी पुस्तिका आता पुष्कळांच्या मोबाइलवर असते. उत्तम आहे. धोकादायक मालाला दिलेला यूएन क्रमांक जगभर एकच असल्यामुळे ती इथेही चालते: एलपीजीचा १०७५, गाइड क्रमांक ११५, पेट्रोलचा १२०३, गाइड क्रमांक १२८. चुका होतात त्या पुढे.

एक, जुनी आवृत्ती. दर चार वर्षांनी नवी निघते. २०२४ ची ठेवा आणि ती नेटवर्कशिवाय उघडते ना ते स्टेशनवरच तपासा, घाटात वर्दी आल्यावर नव्हे. दोन, ती वाहतुकीतल्या अपघाताच्या सुरुवातीच्या टप्प्यासाठी आहे. एमआयडीसीतल्या कारखान्यात रिअॅक्टर फुटला तर तिच्यावर विसंबू नका. तिथे कंपनीकडून त्या रसायनाची एमएसडीएस (सुरक्षा माहितीपत्रक) मागा. दोन रसायनं एकमेकांत मिसळली तर काय होईल हे पाहायला कॅमिओ केमिकल्स हे फुकट अॅप ठेवा.

तीन, आपल्या टँकरवर यूएन क्रमांकाच्या जोडीला हॅझकेम कोड (काय करायचं ते सांगणारी आकडा-अक्षरांची खूण) असतो, आणि तो ईआरजी उलगडून सांगत नाही. पेट्रोलच्या टँकरवर '३ वाय ई' दिसतं. ३ म्हणजे फोम. वाय म्हणजे बीए सेट (श्वासाचं उपकरण) घाला, सांडलेला माल गटारात जाऊ देऊ नका, स्फोटाचा धोका आहे. ई म्हणजे आसपासची माणसं हलवण्याचा विचार करा. हे पाठच असावं. शिवाय आजच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल साध्या फोमचा थर मोडतं. जुन्या व्हिडिओत साध्या फोमने पेट्रोल विझताना दिसलं म्हणून निर्धास्त राहू नका. आपल्या बंबातल्या कॅनवर अल्कोहोल-रेझिस्टंट लिहिलंय का, ते आजच पाहा.

घरचं आधी

परदेशी कोर्सच्या नादात आपल्याकडचं राहून जातं. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची अग्निशमन सेवेच्या साधनसामग्री आणि प्रशिक्षणावरची २०१२ ची मार्गदर्शिका फुकट आहे. बीआयएसच्या (भारतीय मानक ब्युरोच्या) पोर्टलवर नोंदणी केली की होज, ब्रँच, एक्स्टिंग्विशरची मानकं उतरवून घेता येतात. इमारतींसाठी राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ चा भाग ४ आणि महाराष्ट्राचा २००६ चा अग्निप्रतिबंधक कायदा वाचल्याशिवाय तपासणीला जाऊ नये. घटनास्थळी कोण कुणाला जबाबदार, हे अमेरिकी आयसीएस कोर्समधून शिकलात तरी आपल्याकडे २०१० ची आयआरएस (घटना प्रतिसाद) पद्धत आहे आणि जिल्ह्यात जबाबदार अधिकारी जिल्हाधिकारी असतात. परीक्षेत आणि प्रत्यक्षातही इथेच गोंधळ होतो. ढिगाऱ्याखालच्या शोधासाठी मात्र संयुक्त राष्ट्रांच्या इन्साराग या शोध-बचाव गटाच्या खुणा शिका. तपासलेल्या इमारतीवर कुठली खूण करायची, हे बाहेरून आलेल्या पथकालाही वाचता आलं पाहिजे.

प्रमाणपत्रांबद्दल थोडक्यात. पन्नास प्रश्नांची क्विझ पास झाली म्हणजे बीए सेट घालता आला असं नाही. कोर्स संपला की त्याच आठवड्यात त्यातली एक गोष्ट आवारात करून बघा, घड्याळ लावून, कुणीतरी बघत असताना. त्या फायरमनने पुढच्या ड्रिलला स्वतः गेज लावलं. त्याच्या वहीत आता आमच्या सगळ्या होजचे आकडे आहेत, तारखेसह, आणि पंपावर उभं राहण्याआधी जुने ऑपरेटरही ती वही मागून घेतात.