साताऱ्यात एका मुक्कामाचं काम असेल तर

कलेक्टर कचेरीतली सुनावणी, कोर्टाची तारीख, एमआयडीसीतली मशीनची तपासणी... साताऱ्याला कामासाठी येणारा माणूस बहुधा एक रात्र राहतो आणि दुसऱ्या दिवशी दुपारी परततो. एवढ्यात कास, ठोसेघर आणि सज्जनगड तिन्ही ‘उरकायला’ गेलात तर हाती फक्त घाटातली वळणं लागतील. कासचं फुलांचं पठार शहरापासून सुमारे पंचवीस किलोमीटर. जाणं-येणं आणि थांबणं धरून अर्धा दिवस गेला. शिवाय फुलं ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंतच, आणि तेव्हा शनिवार-रविवारी तिथे जत्रा असते. कामाच्या फेरीत एक सकाळ आणि एक दुपार धरा, तेवढं भरपूर होतं.

खोली घेताना एकच गोष्ट विचारा: खिडकी कुठल्या बाजूला? हायवेवरच्या लॉजमध्ये रात्रभर ट्रकचे हॉर्न असतात. पोवई नाका किंवा राजवाड्याच्या बाजूला, रस्त्याच्या मागची खोली मागा. खिडकीतून अजिंक्यतारा दिसत असेल तर फारच उत्तम, कारण सकाळी वर जायचं की नाही हे अंथरुणातूनच ठरवता येतं. पावसाळ्यात किल्ल्याचा माथा ढगात असेल तर वर जाऊन पांढऱ्या भिंतीशिवाय काही दिसणार नाही. त्या दिवशी नदीकाठचं संगम माहुली गाठा.

माथा मोकळा असेल तर अजिंक्यतारा पहाटेच करा. डिसेंबर-जानेवारीत सूर्य सातच्या सुमारास उगवतो, मे महिन्यात सहाला. चालत जायचं तर त्याच्या सव्वा तास आधी निघा. डांबरी रस्त्याने आरामात पाऊण ते एक तास लागतो. रोज वर जाणारे सातारकर तुमच्याही आधी निघालेले असतात, त्यामुळे अंधारात एकटं वाटत नाही. तरी छोटी बॅटरी ठेवा. रिक्षाने जाणार असाल तर परतीचं आधीच बोलून घ्या, वर रिक्षा उभ्या नसतात. पावसाळ्यात दगडांवर शेवाळ असतं. ऑफिसचे गुळगुळीत तळाचे बूट तिथे हमखास घसरतात.

दरवाजातून आत गेल्यावर बहुतेक जण पूर्वेला तोंड करून उभे राहतात. जरंडेश्वराचा डोंगर त्या बाजूला आहे, तो बघाच. पण उजाडल्यावर मागे वळा. पहिलं ऊन पश्चिमेला यवतेश्वराच्या पठारावर आणि सज्जनगडाच्या सपाट माथ्यावर पडतं. हिवाळ्यात खाली शहराचा काही भाग मात्र अजून किल्ल्याच्याच सावलीत असतो. ती सावली घरांवरून हळूहळू मागे सरकते. वीस मिनिटं तटावर बसलात तर तिची कड सरकताना दिसते. उत्तरेला चंदन-वंदन ही किल्ल्यांची जोडगोळी ओळखायला सोपी. याच किल्ल्यावर 1708 साली शाहू महाराजांना राज्याभिषेक झाला. साडेआठला खाली उतरलात तर आंघोळ, नाश्ता करून दहाच्या मीटिंगला वेळेवर पोचता.

वर चढण्याची ताकद नसेल तर संध्याकाळी किल्ल्याच्या उतारावरच्या ‘चार भिंती’ या ठिकाणापर्यंतच जा. सूर्यास्तानंतरची पंधरा-वीस मिनिटं तिथली खरी. अंधार पुरता होण्याआधी शहरातले दिवे लागतात आणि रस्त्यांची नक्षी उमटते. अंधार पडल्यावर मात्र रेंगाळू नका.

संगम माहुली शहरापासून पाच-सहा किलोमीटर, कृष्णा आणि वेण्णेचा संगम. सातारा रेल्वे स्टेशन याच बाजूला आहे, त्यामुळे गाडीने परतणाऱ्याने बॅग घेऊनच तासभर आधी निघावं आणि वाटेत घाटावर थांबावं. विश्वेश्वराच्या देवळाचं कोरीव काम तिरप्या उन्हात उठून दिसतं, म्हणजे सकाळी नवाच्या आत. शाहू महाराजांच्या खंड्या नावाच्या कुत्र्याची समाधीही इथे दाखवतात. नदीला पाणी असेल तर खालच्या पायऱ्यांवर उतरायचं नाही. चिखल दिसत नाही आणि पाय जातो.

स्वतःची गाडी असेल आणि पुण्याकडे परतायचं असेल, तर दुपार लिंब गावच्या बारा मोटेच्या विहिरीला द्या. हायवे सोडून आत वळायचं. वेळ जाणं-येणं धरून दीड तास. विरूबाई भोसले यांनी 1719 ते 1724 या काळात बांधलेली ही विहीर सुमारे 110 फूट खोल आणि 50 फूट व्यासाची आहे. लोक वरून डोकावतात, फोटो काढतात आणि जातात, ही चूक. जिन्याने खाली उतरा. सकाळ-संध्याकाळ आत अंधार असतो; साडेअकरा ते दीडच्या दरम्यान ऊन पाण्यापर्यंत पोचतं, आणि पाण्यावरून उलटलेला उजेड दगडी भिंतींवर हलत राहतो. उन्हातून एकदम आत आल्यावर डोळ्यांना दोन मिनिटं द्या, मगच पुढची पायरी. वरच्या बाजूला मोटांच्या जागा पाहिल्या की बाराच्या बारा मोटा एकदम चालताना काय आवाज होत असेल याचा अंदाज येतो. मोबाईल मात्र कठड्यावर ठेवू नका.

कंदी पेढे सगळ्यात शेवटी घ्या. खवा चांगला खरपूस भाजलेला असल्याने ते दुधाळ पेढ्यांपेक्षा जास्त टिकतात, पण डबा बंद गाडीत उन्हात राहिला तर तूप सुटतं. एक पेढा मोडून बघा: आत दाणेदार, कोरडा हवा, बोटाला चिकटला तर भाजणी कमी पडली. ताजे, कोमट पेढे प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधून घेऊ नका, वाफ धरते आणि दोन दिवसांत बुरशी येते. कागदी खोकं, आणि ते बॅगेत सगळ्यात वर.