नव्या उद्योजकाला मदत करताना बडोद्यात आपण करतो त्या चुका, आणि काम अडकलं तर काय करायचं

गेली सात-आठ वर्षं मी आमच्या मंडळातर्फे नवीन धंदा सुरू करणाऱ्या मुलामुलींबरोबर बसते, कुणाचं लोनचं अडलेलं असतं, कुणाचं जीएसटीचं, कुणाला नुसतं कुणीतरी ऐकून घ्यायला हवं असतं. आमचं स्वतःचं मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे तिथल्या औद्योगिक वसाहतीत, छोटं शेड आहे, टर्निंग-मिलिंगचं म्हणजे धातूचे भाग कापून घडवायचं जॉबवर्क, नवरा आणि मी मिळून चालवतो, त्यामुळे महिनाअखेरीला पगार कसे उभे करायचे ही काळजी मला पुस्तकातून शिकावी लागलेली नाही. एवढ्या वर्षांत मला एक गोष्ट पक्की कळली आहे. आपण मराठी माणसं नव्या उद्योजकाचा सत्कार करतो, शाल-श्रीफळ देतो, भाषणात कौतुक करतो, पण त्याला पहिली ऑर्डर देत नाही, आणि दिली तरी त्याचं बिल महिनोन्‌महिने ठेवतो. खालच्या बाकीच्या चुका आहेतच, पण सगळ्यात जास्त धंदे ह्या चुकीने बंद पडताना मी बघितलेत.

बिल थांबवणं

आमचीच गोष्ट सांगते. सुरुवातीच्या काळात एका मोठ्या कंपनीला बुशिंगची, म्हणजे मशीनमधल्या छोट्या धातूच्या नळ्यांची, लॉट दिली, माल पास झाला, लाइनला लागलासुद्धा, आणि पेमेंटसाठी मी दर सोमवारी फोन करायचे. अकाउंट्सवाले भाऊ गोड आवाजात म्हणायचे, "थई जशे बेन," म्हणजे होऊन जाईल ताई. असं थई जशे थई जशे करत पाच महिने गेले. त्या पाच महिन्यांत आम्ही कच्चा माल देणाऱ्या बार स्टॉकवाल्याचे पैसे थकवले, एका ऑपरेटरला अर्धा पगार दिला आणि माझ्या बांगड्या गहाण गेल्या. कायदा आपल्या बाजूने होता हे तेव्हा मला माहीतच नव्हतं.

तो कायदा म्हणजे २००६ चा एमएसएमई, म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांचा कायदा. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल घेतला तर लेखी करार असेल तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावेच लागतात, करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला की रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने व्याज, तेही दर महिन्याला चक्रवाढ. शिवाय २०२४-२५ आकारणी वर्षापासून आयकरात ४३बी(एच) आलं, म्हणजे मुदतीत पैसे दिले नाहीत तर तो खर्च खरेदीदाराला त्या वर्षी धरता येत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षीच धरता येतो. मार्च महिन्यात ह्या एका कलमाची नुसती आठवण करून दिली तरी बरेच सीए आपल्या क्लायंटला फोन लावतात, हे मी स्वतः अनुभवलंय.

पण ह्याचा फायदा घ्यायचा तर कागद आधीपासून नीट लागतात आणि इथेच मुलं चुकतात. उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे लहान उद्योगाची सरकारी नोंदणी, माल देण्याआधी काढा, नंतर काढलं तर वाद घालत बसावं लागतं. ते पूर्ण फुकट आहे, सरकारी पोर्टलवर आधार आणि पॅनवर होतं, तरी एजंटला हजार-दोन हजार देऊन आलेली मुलं माझ्यासमोर बसलेली असतात आणि वाईट वाटतं. उद्यम नंबर प्रत्येक बिलावर छापा. पीओवर, म्हणजे गिऱ्हाइकाच्या खरेदी ऑर्डरवर, पेमेंटचे दिवस लिहून घ्या, "नेहमीप्रमाणे" असं काही चालवून घेऊ नका. आणि डिलिव्हरी चलनावर सही, शिक्का आणि तारीख, तिन्ही घ्या, नुसती सही घेऊन टेम्पो परत आला तर पुढे माल कधी पोचला ह्यावरच भांडण होतं. समोरच्याला मालाबद्दल तक्रार असेल तर त्याने ती १५ दिवसांत लेखी द्यायची असते, सहा महिन्यांनी "क्वालिटी बरोबर नव्हती" म्हणणाऱ्याला हे दाखवा.

एवढं करूनही अडकलं तर आधी एक साधं पत्र, त्यात बिल नंबर, तारीख, व्याजाचा आकडा, भाषा सभ्य. उत्तर नाही आलं तर एमएसएमईंच्या थकलेल्या बिलांसाठी सरकारचं ऑनलाइन पोर्टल आहे तिथे अर्ज, तिथून प्रकरण फॅसिलिटेशन कौन्सिलकडे, म्हणजे असे वाद सोडवणाऱ्या सरकारी मंडळाकडे जातं. कौन्सिलचा निकाल आपल्या बाजूने लागला आणि खरेदीदाराला त्याविरुद्ध कोर्टात जायचं असेल तर रकमेच्या ७५ टक्के आधी भरावे लागतात. वेळ लागतो हे खरं आहे, पण बऱ्याचदा पत्रावरच काम होतं. संबंध बिघडतील म्हणून पत्र न लिहिणं, ही भीती मी समजू शकते, मलाही होती, पण जे गिऱ्हाईक पाच महिने पैसे देत नाही त्याच्याशी संबंध आधीच बिघडलेले असतात.

आणि हे आपल्या मोठ्या उद्योजकांना हात जोडून सांगणं आहे, तुमच्या गावच्या, तुमच्या ओळखीच्या मुलाकडून माल घेतलात तर त्याला "घरचाच आहेस, पैसे कुठे पळून चाललेत" असं म्हणू नका. घरचा आहे म्हणून तो व्याज मागणार नाही, पत्रही लिहिणार नाही, मग त्याचं बिल सगळ्यात आधी निघायला हवं ना.

घाईने स्टॉल लावणं

ही चूक माझी आहे. बडोद्याच्या वाडी भागातल्या एका मुलाने भाकरवडीचा रोल कापायची मशीन केली. सुरीने कापताना वरून दाब येतो, वडी चपटी होते, कडेचा मसाला बाहेर येतो आणि तळताना तो कढईत जळून तेल काळं पडतं. ह्याने सुरीच्या जागी चौकटीत ताणून बसवलेल्या बारीक तारा लावल्या, रोल खालून वर ढकलायचा, एका दाबात सगळ्या वड्या सारख्या जाडीच्या, मसाला जागच्या जागी. त्याने आमच्या शेडमध्येच पहिल्यांदा चालवून दाखवली, मी वडी हातात घेऊन बघितली, कापलेल्या बाजूला प्रत्येक वेटोळं मोजता येत होतं. इतका आनंद झाला की मीच म्हटलं, अरे पुढच्या महिन्यात मेळावा आहे, स्टॉल लाव. त्याने लावला, व्हिडिओ झाले, लोकांनी शेअर केले, आणि काही महिन्यांनी दुसऱ्या शहरातल्या एका मशीनवाल्याकडे तशीच चौकट विकायला आली.

पेटंट वकिलाने फाइल बघून सांगितलं की कल्पना अर्ज करण्याआधीच जगासमोर आली, आता नावीन्य राहिलं नाही. केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनाला कायद्यात १२ महिन्यांची सवलत आहे, मंडळाच्या मेळाव्याला नाही. आधी पेटंटचा प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता अर्ज टाकला असता तर पूर्ण अर्जासाठी १२ महिने मिळाले असते, आणि एकट्या व्यक्तीला किंवा स्टार्टअपला ऑनलाइन प्रोव्हिजनलची सरकारी फी आहे १,६०० रुपये, वकिलाची वेगळी. माझ्या डोक्यात ते १,६०० रुपये अजून बसलेत.

म्हणून आता आमचा नियम आहे, काही नवीन बनवलंय म्हणणाऱ्याला आधी विचारायचं, अर्ज टाकलास का? नसेल तर स्टॉल नाही, रील नाही, आणि सल्ला द्यायला बसणाऱ्यांनीसुद्धा आधी गोपनीयतेच्या एक पानी करारावर सही करायची. कॉलेजात असलेल्यांनी तर तिथेच चौकशी करावी, गुजरातची स्टुडंट स्टार्टअप पॉलिसी २०१७ पासून आहे, त्यातून प्रोटोटाइप म्हणजे पहिला नमुना बनवायला आणि पेटंटला मदत मिळते.

सबसिडीच्या मागे आधी धावणं

नवीन मुलगा आला की कुणीतरी काका सांगतातच, "पीएमईजीपी घे, सरकार पैसे देतं." ही केंद्र सरकारची, नव्या धंद्याच्या बँक कर्जावर सबसिडी देणारी योजना. ह्यात दोन गोष्टी कुणी सांगत नाही. ह्यातलं पहिलं कर्ज फक्त नव्या युनिटला आहे, तुम्ही आधी मशीन लावून काम सुरू केलंत आणि मग अर्ज केलात तर बाद. आणि सबसिडी हातात येत नाही, ती बँकेत तीन वर्षं तुमच्या नावाने अडकून असते आणि मग कर्जात वळती होते, म्हणजे हप्ते पूर्ण कर्ज धरूनच सुरू होतात. तीन मुलांनी पहिल्या वर्षाचा हिशोब सबसिडी हातात येईल असं धरून केलेला मी बघितलाय. मॅन्युफॅक्चरिंगला प्रोजेक्ट ५० लाखांपर्यंत चालतो, स्वतःचे ५ किंवा १० टक्के घालावे लागतात, योजना चांगलीच आहे, फक्त हिशोब सबसिडी काढून टाकूनही बसायला हवा.

तारणाचंही तसंच. सूक्ष्म-लघु उद्योगाच्या ठरावीक मर्यादेपर्यंतच्या कर्जाला बँकेने तारण मागू नये असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, त्याच्या वर सीजीटीएमएसईची, म्हणजे लहान उद्योगांच्या कर्जाला हमी देणाऱ्या सरकारी ट्रस्टची गॅरंटी आहे, तरी मुलं आईवडिलांच्या घराचे कागद घेऊन ब्रँचमध्ये जातात. आधी सीजीटीएमएसईखाली करा असं अर्जातच लिहा. नाकारलं तर कारण लेखी मागा.

गाव काय करू शकतं

हे बडोदं आहे हो. सयाजीरावांनी १८९० मध्ये कला भवन काढलं, हाताचं तंत्र शिकवायला, आज तीच एमएसयूची, म्हणजे महाराजा सयाजीराव विद्यापीठाची, टेक्नॉलॉजी फॅकल्टी. गज्जर, कोटीभास्कर आणि अमीन यांनी १९०७ मध्ये अलेंबिक ही औषध कंपनी उभी केली आणि पुढच्याच वर्षी, १९०८ मध्ये, बँक ऑफ बडोदा आली. शिकायला जागा, कारखाना काढायची हिंमत आणि पैशाची सोय, अठरा वर्षांत तिन्ही एका गावात. आपल्याकडे ह्याचा अभिमान भरपूर आहे, मला स्वतःला आहे, पण दांडिया बाजारातल्या दुकानदाराने गावातल्या मुलाची मशीन घ्यावी म्हणून आपण किती जण त्याच्याकडे जाऊन बसतो?

त्या भाकरवडीवाल्या मुलासाठी आम्ही शेवटी तेच केलं. मी आणि मंडळातले दोन काका तीन फरसाणवाल्यांकडे गेलो, दोघांनी चहा पाजून परत पाठवलं, तिसऱ्याने मशीन आठ दिवस ठेवून घेतली आणि मग ऑर्डर दिली, चाळीस टक्के ॲडव्हान्स, बाकी डिलिव्हरीपासून तीस दिवसांत, त्यांच्या लेटरहेडवर लिहून. पैसे अठ्ठाविसाव्या दिवशी आले. रोल पकडायची नवी पद्धत त्याने काढलीये, तिचा प्रोव्हिजनल अर्ज ह्यावेळी आधी टाकलाय, म्हणून तिच्याबद्दल इथे काही लिहीत नाही.

सध्या त्याची एकच अडचण आहे, कापायची तार आठ-दहा दिवसांत तुटते, एसएस ३०४ ची, म्हणजे स्टेनलेस स्टीलची, घेतली तरी. खाण्याच्या वस्तूला चालेल अशी आणि जास्त टिकणारी बारीक तार थोड्या प्रमाणात देणारा कुणी माहीत असेल तर नक्की सांगा, पैसे रोख आहेत.