वारेतील जनुकाविषयीचा दावा कसा तपासावा: एफएलटी१चे उदाहरण

वारेतील (प्लॅसेंटातील) अमुक जनुक आजाराचा बायोमार्कर, म्हणजे आजार ओळखण्यासाठी मोजता येणारी खूण, आहे आणि औषधाचे लक्ष्यही ठरू शकते, असे विधान संशोधन निबंधांत वारंवार आढळते. हे दोन स्वतंत्र दावे आहेत आणि त्यांना लागणारा पुरावाही वेगळा असल्याने वाचकाने ते सुरुवातीपासून वेगळे ठेवावेत. प्रीएक्लॅम्प्सिया या गरोदरपणातील गंभीर आजाराच्या संदर्भात एफएलटी१ या जनुकाने पहिला टप्पा ओलांडला आहे, दुसरा अद्याप बाकी आहे. म्हणून तेच उदाहरण येथे घेतले आहे.

प्रथम जनुक काय तयार करते ते पाहावे. तेराव्या गुणसूत्रावरील हे जनुक रक्तवाहिन्यांच्या वाढीचा संदेश घेणारा, पेशीच्या पटलात रोवलेला ग्राही बनवते. परंतु वारेत त्याच जनुकापासून पटलात रुतणारा भाग नसलेले आखूड प्रथिन, म्हणजे एसएफएलटी-१, मोठ्या प्रमाणात तयार होऊन आईच्या रक्तात उतरते. ते व्हीईजीएफ आणि पीएलजीएफ ही वाढीची प्रथिने पकडून ठेवते, त्यामुळे आईच्या रक्तवाहिन्यांच्या अस्तराला ती कमी पडतात, रक्तदाब वाढतो आणि लघवीतून प्रथिने जाऊ लागतात.

यानंतर नमुना कधी घेतला, हे अतिशय काटेकोरपणे पाहावे. प्रसूतीनंतर मिळालेली वार आजार होऊन गेल्यानंतरची स्थिती दाखवते, त्यामुळे तिच्यात वाढलेले जनुक हे कारण आहे की परिणाम, हे केवळ त्यावरून सांगता येत नाही. शिवाय आजारी स्त्रियांची प्रसूती बहुधा लवकर करावी लागते. त्यांची बत्तिसाव्या आठवड्यातील वार निरोगी स्त्रियांच्या पूर्ण दिवसांच्या वारेशी ताडली, तर दिसणारा फरक आजाराचा नसून गर्भाच्या वयाचा असू शकतो. माझ्या मते अशा निबंधांतील सर्वांत मोठा दोष हाच असतो, आणि तुलनेचा गट गर्भवयाने जुळवलेला नसेल तर पुढील आकडेवारीवर फार विसंबू नये.

कारणाचा पुरावा निराळा मागावा. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात उंदरांच्या शरीरात एसएफएलटी-१ वाढवल्यावर वाढलेला रक्तदाब, लघवीतील प्रथिने आणि मूत्रपिंडात या आजारासारखे बदल दिसले. व्हीईजीएफ रोखणाऱ्या बेव्हासिझुमॅब या कर्करोगाच्या औषधानेही रक्तदाब वाढतो आणि लघवीत प्रथिने येतात. २०१७ साली गर्भाच्या जनुकसंचातील एफएलटी१जवळचे बदल या आजाराशी जोडलेले आढळले. तिन्ही पुरावे वेगवेगळ्या दिशांनी आले आहेत, हेच त्यांचे बळ आहे.

बायोमार्करचा दावा वाचताना चाचणी नेमक्या कोणत्या प्रश्नाचे उत्तर देते, ते विचारावे. २०१६च्या प्रॉग्नोसिस अभ्यासात, आजाराचा संशय असलेल्या स्त्रियांमध्ये एसएफएलटी-१ आणि पीएलजीएफ यांचे गुणोत्तर ३८ किंवा त्याहून कमी असल्यास पुढील एका आठवड्यात आजार न होण्याचे भाकीत ९९.३ टक्के खरे ठरले. गुणोत्तर त्याहून जास्त असलेल्यांपैकी मात्र चार आठवड्यांत सुमारे ३७ टक्के स्त्रियांनाच आजार झाला. म्हणजे ही चाचणी धोका नाकारण्यास उत्तम आहे, आजार होणारच असे सांगण्यास ती पुरेशी नाही. संशय नसलेल्या सर्व गरोदर स्त्रियांना, किंवा दुसऱ्या कंपनीच्या यंत्रावर, तोच आकडा विनातपासणी लावू नये.

औषधाच्या लक्ष्याबाबत पहिला प्रश्न निवडकतेचा आहे. पटलातील पूर्ण ग्राही शरीराला आवश्यक असल्याने केवळ आखूड रूपच कमी करणे गरजेचे ठरते. २०१८ साली बबून माकडांत आखूड आरएनए रेणूंनी हे साधले आणि रक्तदाबही उतरला. त्यापूर्वी मोजक्या स्त्रियांमध्ये रक्त गाळून एसएफएलटी-१ घटवण्याचा प्रयत्न झाला होता. तथापि पातळी उतरणे म्हणजे उपचार सिद्ध होणे नव्हे: गर्भधारणा सुरक्षितपणे किती दिवस लांबली, बाळाची वाढ कशी झाली आणि औषध वार ओलांडून बाळापर्यंत पोहोचले का, ही उत्तरे निबंधात शोधावीत.

शेवटी सहभागी स्त्रियांची निवड तपासावी. प्रीएक्लॅम्प्सियाच्या प्रत्येक रुग्णात, विशेषतः पूर्ण दिवसांच्या आसपास आजार झालेल्यांत, हे प्रथिन ठळकपणे वाढलेले नसते. म्हणून एसएफएलटी-१ घटवणाऱ्या औषधाच्या चाचणीत केवळ निदानावरून नव्हे, तर गुणोत्तर मोजून प्रवेश दिला आहे का, ते पद्धतीच्या विभागात पाहावे.