नव्या फोनची स्क्रीन हिरवट-गुलाबी वाटतेय? परत द्यायच्या आधी एवढं तपासा

बेळगावच्या गणपत गल्लीतनं घ्या, खडेबाजारातनं घ्या नाहीतर ऑनलाइन मागवा, नवा फोन पहिले दोन दिवस एकदम भारी वाटतंय, आणि मग एका रात्री लाइट बंद करून डार्क मोडमध्ये व्हॉट्सअॅप उघडलं की लक्षात येतंय की डावी बाजू जरा हिरवट आहे आणि उजवी गुलाबी. दुकानात विचारलं तर "सगळ्या पीसात असंच येतंय ओ, वापरा बिनधास्त". नेटवर विचारलं तर "लगेच परत कर". दोन्ही उत्तरं अर्धी अर्धी बरोबर आहेत, आणि त्या गोंधळात परत करायची मुदत निघून जाते, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय.

एक गोष्ट आधीच सांगतो. पूर्ण स्क्रीनला सारखीच झाक असेल, म्हणजे सगळंच पिवळसर किंवा सगळंच निळसर, तर ते बहुतेक वेळा सेटिंगमधनं जातंय. पण एकाच स्क्रीनवर इकडं एक रंग आणि तिकडं दुसरा असेल तर ते कुठल्याच सेटिंगनं जात नाही, कारण सेटिंग सगळ्या स्क्रीनला एकदमच लागू होते. रिप्लेसमेंट मागायची ती या दुसऱ्या प्रकारासाठी.

हे होतंय कशामुळं? अमोलेड स्क्रीनमध्ये प्रत्येक पिक्सेल स्वतःच उजेड देतो, आणि त्याला करंट देणारे बारीक ट्रान्झिस्टर सिलिकॉनच्या पातळ थरात असतात. तो थर कारखान्यात लेझरनं क्षणभर वितळवून परत घट्ट करतात, आणि त्यात सिलिकॉनचे कण सगळीकडं एकसारखे बसत नाहीत. म्हणून एका जागचा ट्रान्झिस्टर जरा कमी व्होल्टेजला चालू होतो, शेजारचा जरा जास्तीला. ब्राइटनेस फुल असताना करंट भरपूर असतो त्यामुळं हा फरक दबून जातो, पण ब्राइटनेस दहा-पंधरा टक्क्यांवर आणून वर गडद राखाडी रंग लावला की करंट अगदी थोडा उरतो आणि तेवढाच फरक डोळ्याला दिसायला लागतो. म्हणूनच दिवसा दुकानात काही दिसत नाही आणि रात्री अंथरुणात दिसतंय. आणि झाक हिरवीच का, तर माणसाचा डोळा ५५५ नॅनोमीटरच्या आसपासच्या हिरव्या उजेडाला सगळ्यात तेज असतो, लाल-निळा तेवढाच चुकला तर चटकन कळत नाही, हिरवा चुकला की कळतो.

कंपन्यांना हे माहीत असतं. कारखान्यात कॅमेऱ्यानं पॅनेल तपासून कुठं किती कमी-जास्त आहे त्याचा हिशेब चिपमध्ये भरतात, त्याला डीम्युरा म्हणतात. पण त्यातही किती फरक चालवून घ्यायचा याची मर्यादा कंपनीच ठरवते, आणि त्या मर्यादेत बसलेले सगळेच पीस बाजारात येतात. त्यात परत एकाच मॉडेलला दोन-तीन ठिकाणचे पॅनेल लागू शकतात, सॅमसंग डिस्प्ले, एलजी डिस्प्ले, बीओई, सीएसओटी, तियानमा, व्हिजनॉक्स ही त्यातली मोठी नावं. शहापूर-वडगावच्या विणकरांना हे समजावून सांगायला लागणार नाही, एकाच रंगाचं सूत पण रंगवायचा लॉट वेगळा असला की वेगवेगळं बघताना एकच वाटतंय आणि शेजारी धरलं की फरक दिसतोय.

आता तपासणी. फोन घेतल्या घेतल्या दुकानातला पोरगा टेम्पर्ड ग्लास लावायला घेतो, त्याला थांबवा. प्रायव्हसी ग्लास किंवा निळा उजेड अडवणारी ग्लास असेल तर रंग तिच्यामुळंच बदलतो, आणि मग दोष कुणाचा ते कळतच नाही. घरी आल्यावर आधी सॉफ्टवेअर अपडेट करून घ्या. मग नाइट लाइट, आय कम्फर्ट, एक्स्ट्रा डिम, बॅटरी सेव्हर, ऑटो ब्राइटनेस सगळं बंद, आयफोन असेल तर ट्रू टोन आणि नाइट शिफ्ट बंद. डिस्प्लेचा कलर मोड 'नॅचरल' वर ठेवा. 'व्हिव्हिड' मोड मुद्दाम निळसर ठेवलेला असतो. रंगाचं जे स्टँडर्ड आहे त्यात पांढरा ६५०० केल्विनच्या आसपास धरतात (हा आकडा जेवढा जास्त तेवढा पांढरा निळसर), व्हिव्हिडमध्ये तो बऱ्याचदा त्याच्या वर जातो, आणि मग जुन्या फोनची सवय असलेल्या माणसाला नवा निळा वाटतो किंवा उलटं.

मग चित्रं लागतात, साधी, एका रंगाची. फोटो एडिटिंगच्या कुठल्याही अॅपात बनवता येतात. लाल, हिरवा, निळा तिन्ही आकडे सारखे ठेवायचे की राखाडी रंग तयार. १३-१३-१३ म्हणजे जवळपास काळा, २६-२६-२६ गडद राखाडी, ५१-५१-५१ त्याच्यापेक्षा उजळ, १२८ मधला, आणि एक पूर्ण पांढरं. पीएनजीमध्ये सेव्ह करा. आणि ही चित्रं एका फोनवरनं दुसऱ्यावर व्हॉट्सअॅपला फोटो म्हणून पाठवू नका, कॉम्प्रेस होताना गडद रंगात डाग-चौकोन पडू शकतात आणि ते तुम्ही स्क्रीनचे समजाल. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. यूट्यूबवरच्या 'स्क्रीन टेस्ट' व्हिडिओंचंही तेच, त्याच्यावर निकाल लावू नका.

खोलीत पूर्ण अंधार पाहिजे. हेस्कॉमची लाइट गेलेली असेल तर उत्तम, इन्व्हर्टरचा बल्ब तेवढा बंद करा. दोन-चार मिनिटं डोळे अंधाराला सरावू द्या, ब्राइटनेस १५ टक्क्यांच्या आसपास आणा, फोन हातभर लांब आणि एकदम सरळ धरा, आणि २६ वालं चित्र फुल स्क्रीन उघडा. आता डावी-उजवी, वर-खाली, कोपरे बघा. कुठं हिरवट पट्टा, कुठं गुलाबी ढग, कुठं उभ्या बारीक रेषा, हे सगळं इथंच दिसतंय.

काही दिसलं तर लगेच घाबरू नका, फोन तसाच उलटा फिरवा, कॅमेऱ्याची बाजू खाली. वरच्या डाव्या कोपऱ्यातला हिरवा डाग आता खालच्या उजव्या कोपऱ्यात आला तर तो पॅनेलमध्येच आहे. पण फोन फिरवल्यावरही डाग वर डावीकडंच राहिला तर तो खोलीतला उजेड आहे किंवा तुम्ही फोन तिरका धरूलाय. एवढ्या एका गोष्टीनं निम्म्या शंका मिटतात, तरी फार कमी लोक करतात.

मग ब्राइटनेस हळूहळू वाढवत चला. वीस-तीस टक्क्यांच्या पुढं डाग पूर्ण गायब होत असेल आणि तुम्ही रात्री फारसा फोन वापरत नसाल तर माझ्या मते तो पीस ठेवावा. पण पन्नास टक्क्यांवर, साध्या राखाडी कीबोर्डवर, सेटिंगच्या मेनूवर अर्धी बाजू वेगळी दिसत असेल तर तो रोज दिसणार, त्याला सोडू नका. एक अजून बघा, १२० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १२० वेळा स्क्रीन ताजी करणारा फोन असेल तर गडद चित्रावर बोट फिरवून सोडा. काही सेकंदांनी हा वेग, म्हणजे रिफ्रेश रेट, खाली येतो तेव्हा रंग झपकन बदलला तर ती दोन रेटमधली कॅलिब्रेशनची गडबड, ती अपडेटनं सुधारू शकते.

पांढऱ्याची तपासणी दिवसा. खिडकीजवळ, थेट ऊन न येणाऱ्या जागी, शेजारी एक साधा कोरा कागद ठेवा आणि बघा. पिवळ्या बल्बाखाली ठेवलेला फोन निळा दिसणारच, त्यात फोनची चूक नाही. फोन जरा तिरका केल्यावर थोडं निळसर किंवा हिरवट होणं सगळ्या अमोलेडमध्ये कमी-जास्त असतंच, कडा वळलेल्या स्क्रीनमध्ये कडेला जास्त. सरळ बघताना काय दिसतंय ते महत्त्वाचं.

तुलनेसाठी दुकानातला डेमो पीस घेऊ नका. तो दिवसभर जास्त ब्राइटनेसवर चालू असतो, आणि अमोलेडमध्ये निळा सबपिक्सेल, म्हणजे पिक्सेलमधला निळा उजेड देणारा भाग, सगळ्यात लवकर थकतो, त्यामुळं असे पीस काळानं पिवळसर होतात. एलसीडी आणि अमोलेड शेजारी ठेवून भांडण्यातही अर्थ नाही, मशीननं मोजून दोन्हीचा पांढरा सारखा आला तरी डोळ्याला वेगळा दिसू शकतो.

स्वस्तातल्या एलसीडी फोनची गोष्ट वेगळी. तिथं मागनं बॅकलाइट असतो, म्हणून अंधारात पूर्ण काळं चित्र लावा आणि कडेनं उजेड गळतोय का, एखादा कोपरा पिवळा आहे का, मध्येच पांढरा डाग आहे का एवढं बघा. थोडी गळती सगळ्यात असतीय. डाग असेल तर बदलून मागा.

आता सेटिंगनं काय होतंय त्याबद्दल. बऱ्याच अँड्रॉइड फोनात कलर मोडच्या खालीच टेंपरेचरची पट्टी असते, काहींत लाल-हिरवा-निळा वेगळा हलवता येतो. एकदम थोडं हलवा आणि एक-दोन दिवस तसंच वापरा, डोळा सरावतो, मग परत बघा. अपडेटनं सुटलेल्या गोष्टीही आहेत. २०१७ मध्ये गॅलॅक्सी एस८ ची स्क्रीन लालसर दिसते अशी ओरड झाली तेव्हा सॅमसंगनं रंग सुधारायला अपडेट दिलं, आणि एप्रिल २०२१ मध्ये आयओएस १४.५ मध्ये अॅपलनं आयफोन १२ वर कमी ब्राइटनेसला काळ्यावर दिसणारी चमक कमी केली. पण पॅनेलच तसं असेल तर अपडेटची वाट बघत मुदत घालवू नका. पिक्सेल २ एक्सएलच्या वेळी, २०१७ मध्येच, तिरकं बघितलं की निळं दिसणं आणि बर्न-इन, म्हणजे जुन्या चित्राचा ठसा स्क्रीनवर राहणं, यावरून एवढा गवगवा झाला की गूगलनं वॉरंटी दोन वर्षांची केली. तक्रारी लेखी गेल्या, जोर लावला, की कंपन्या हलतात.

परत करताना. ऑनलाइन घेतला असेल तर रिप्लेसमेंटची मुदत ऑर्डरच्या पानावर असते, बऱ्याचदा सातच दिवस, म्हणून अंधारातली तपासणी पहिल्याच रात्री करा. बॉक्स फोडतानाचा व्हिडिओ ठेवा. झाकेचा फोटो काढायचा तर दुसऱ्या फोनच्या प्रो मोडमध्ये व्हाइट बॅलन्स आणि एक्स्पोजर लॉक करून काढा, ऑटोवर काढला तर कॅमेरा स्वतःच रंग फिरवतो आणि साधी स्क्रीनही भयानक दिसते. फोन उलटा फिरवून दुसरा फोटोही काढा, म्हणजे "हे रिफ्लेक्शन आहे" असं कुणी म्हणायला नको.

आपल्याकडं अजून एक भानगड असते, फोन कोल्हापुरात घेतलेला, राहणं बेळगाव नाहीतर निपाणी-खानापुरात, आणि काही ब्रँडांसाठी हुबळी गाठावी लागते. पक्कं जीएसटी बिल जवळ ठेवा. सर्व्हिस सेंटरला काउंटरवरचा पोरगा कानडीत बोलू दे नाहीतर हिंदीत, तोंडी "नॉर्मल आहे" ऐकून परत येऊ नका. जॉब शीटवर 'कमी ब्राइटनेसला स्क्रीनच्या डाव्या अर्ध्या भागात हिरवी झाक, उजव्या भागात नाही' असं नेमकं लिहून घ्या. नुसतं 'डिस्प्ले प्रॉब्लेम' लिहिलं तर फुल ब्राइटनेसला बघून ओके करून परत देतात. आणि तपासताना २६ वालं चित्र तुम्ही स्वतः उघडून, जागेवरच लाइट कमी करायला सांगून दाखवा. "काका, एवढं टेबलाखाली धरून बघा की" म्हटलं तर बघतात लोक, भांडायची गरज पडत नाही.

तरीही दाद दिली नाही तर १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, तिथं मराठीतही बोलता येतंय आणि कानडीतही. त्याच्यापुढं जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तक्रारदार जिथं राहतो तिथंच तक्रार करता येते, म्हणजे फोन कोल्हापूरचा असला तरी बेळगावात राहणाऱ्याला बेळगावातच दाखल करता येतंय, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. थोड्याशा झाकेसाठी आयोगापर्यंत जा असं म्हणत नाही, पण अर्धी स्क्रीन वेगळी असलेला तीस-चाळीस हजारांचा फोन गळ्यात मारला असेल तर जावं.

एकदम स्पष्ट उभी हिरवी रेष आली असेल तर तो वेगळाच बिघाड, झाक नव्हे. भारतात काही कंपन्यांनी ठरावीक मॉडेलना वॉरंटी संपल्यावरही त्यासाठी फुकट स्क्रीन बदलून दिलीय, म्हणून पैसे भरायच्या आधी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचाराच.

शेवटचं, फुटलेली स्क्रीन बाहेर बदलताना. रिपेअरीच्या दुकानात 'ओरिजिनल' म्हणून जे सांगतात त्यात जुन्या फोनचा काढलेला ओलेड (अमोलेड हा त्याचाच प्रकार) असू शकतो, नवा कॉपी ओलेड असू शकतो, नाहीतर इनसेल किंवा टीएफटी म्हणजे एलसीडी असू शकतो, भाव त्याप्रमाणं वेगळे. कोणता टाकणार ते बिलावर लिहून घ्या. जोडायच्या आधी नुसती केबल लावून चालू करायला सांगा आणि काळं चित्र उघडा, ओलेड असेल तर काळा एकदम बंद दिवा, एलसीडी असेल तर राखाडी उजेड दिसतो. मग २६ वालं चित्र. जोडून झाल्यावर स्क्रीनखालचा फिंगरप्रिंट चालतोय का बघा, बऱ्याच फोनात तो एलसीडी कॉपीखाली चालतच नाही. हे सगळं तिथंच, काउंटरवर, पैसे द्यायच्या आधी.